कोजागिरी ८७ : पाचपाखाडीतल्या एका स्पेक्ट्रमची केस

पाचपाखाडीतली जुनी चार मजली सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. घरं रिकामी करायला जेमतेम दोन आठवडे उरले असताना एका घराच्या माळ्यावरून थर्माकोलचं खोकं खाली आलं. सध्या ठाण्यात माळे रिकामे होण्याचा हंगामच चालू आहे, त्यामुळे माझ्याकडे महिन्याला एखादा रेकॉर्ड प्लेअर नाहीतर व्हीसीआर येतोच. या खोक्यात मात्र सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे टीव्हीला जोडायचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर निघाला, रबरी कळांचा, ४८ के (किलोबाइट) मेमरीचा. सोबत अडॅप्टर, टीव्हीची वायर, अकरा कॅसेट आणि पानं सुटलेलं मॅन्युअल.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टेस्टिंगला सव्वीस वर्षं होतो. आता नौपाड्यात घराच्याच गॅलरीत टेबल टाकलंय आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करतो. हे प्रकरण दोन भावांचं. नावं लिहीत नाही, मोठे आणि धाकटे एवढं पुरे. मोठे ५३ वर्षांचे, आईबरोबर त्याच सोसायटीत राहणारे. धाकटे ४९ चे, ऐरोलीला.

मोठ्यांची मागणी सरळ होती. "साहेब, यावर मॅनिक मायनर चालू करून द्या. टेपवरून, आम्ही खेळायचो तसा. बाकी काही नको." धाकट्यांना ते खोकं नव्या भाड्याच्या घरात न्यायचंच नव्हतं. "दादा, तो गेम आता मोबाइलवर पण चालतो. हे घेईल त्याला देऊन टाक." दोघांचं माझ्यासमोरच जुंपलं, आणि आई आतून "आधी गाद्या बांधा रे" म्हणत होती.

मला दोघांचंही पटलं नाही, आणि हे लिहायला बसलो ते त्यामुळेच. मॅनिक मायनर १९८३ साली मॅथ्यू स्मिथ नावाच्या पोरसवदा मुलानं लिहिला. वीस गुहा, एकाहून एक खवट. तो गेम आज जगभर हजारो ठिकाणी बिट न् बिट जपलेला आहे आणि एमुलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, कुणालाही खेळता येतो. स्पेक्ट्रमही दुर्मीळ नाहीत, त्या काळी लाखांनी खपले. दोघे भांडत होते त्या दोन्ही वस्तू दुसरीकडे मिळण्यासारख्या होत्या. मी अकरा कॅसेटच्या लेबलांवरून नजर फिरवली. दहा गेमच्या होत्या. अकरावीवर बॉलपेननं "नाट्यसंगीत – रेडिओ" लिहून ते खोडलं होतं आणि खाली दुसऱ्या अक्षरात "आमचे प्रोग्राम" असं लिहिलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अहो ते काही नाही. मी हाऊझीचा प्रोग्राम केला होता, सोसायटीच्या कोजागिरीसाठी. सत्त्याऐंशी साली. गच्चीवर टीव्ही नेऊन चालवला होता." मोठे हसले. "तेव्हा लई भाव खाल्ला होता मी."

धाकटे काही बोलले नाहीत. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

आधी कॅसेट

मी सांगून टाकलं की यंत्राला आत्ता हात लावणार नाही, आधी ती अकरावी कॅसेट. मोठे थोडे हिरमुसले. माणसाला जुनी वस्तू चालू झालेली बघायची असते. ठेवलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे याची घाई नसते. पण यंत्र आणखी दहा वर्षं पडून राहिलं तरी दुरुस्त होईल. टेपचं तसं नाही. ठाण्याच्या चार महिन्यांच्या ओलीत चुंबकीय फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि ही कॅसेट तर ३८ पावसाळे काढून आलेली.

बुरशी होतीच. खिडकीतून पाहिलं तर फितीच्या गुंडाळीवर साखर भुरभुरल्यासारखी नक्षी. आतली फेल्टची गादीही सुटून पडली होती. ती नसली की फीत हेडला, म्हणजे टेपरेकॉर्डरच्या फीत वाचणाऱ्या भागाला, टेकत नाही आणि आवाज दबतो. कॅसेटचं कवच स्क्रूचं नव्हतं, चिकटवलेलं होतं. त्यामुळे ते कापून फीत दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात बसवावी लागली. इथे माझ्याकडून चूक झाली. बुरशी पुसायच्या आधीच मी एका बाजूनं वेगात गुंडाळायला गेलो, आणि सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीचा जोड तुटला. पुढची तपकिरी फीत शाबूत होती म्हणून वाचलो. मग तोंडाला मास्क लावून, हातानं गुंडाळत, न सुटणाऱ्या तंतूंच्या मऊ कापडातून अख्खी फीत दोनदा ओढून काढली. त्याला सव्वा तास गेला.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्पेक्ट्रमला डिस्क नव्हती. प्रोग्राम साध्या कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवायचे. शून्यासाठी साधारण २००० हर्ट्झची एक लाट, एकसाठी १००० हर्ट्झची. कानाला ते किंचाळणं वाटतं, आणि टीव्हीच्या किनारीवर आधी तांबडे-निळसर, मग निळे-पिवळे पट्टे धावतात. सेकंदाला सरासरी दीड हजार बिट, म्हणजे ४८ के भरायला साडेचार मिनिटांच्या आसपास. आता लोक त्या साडेचार मिनिटांबद्दल फार हळवं बोलतात. माझी आठवण वेगळी आहे. आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांकडे स्पेक्ट्रम होता, आणि ती साडेचार मिनिटं आम्ही टेपरेकॉर्डरच्या आवाजाचं बटण कुणी हलवलं यावरून भांडण्यात घालवायचो. शेवटच्या सेकंदाला "टेप लोडिंग एरर" आला की सगळं पहिल्यापासून.

तो एरर बहुतेक वेळा हेडच्या तिरकेपणामुळे येतो. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. ज्या रेकॉर्डरवर भरलं त्याच्या हेडचा कोन आणि ज्यावर वाजवतोय त्याचा कोन जुळला नाही तर वरचे सूर बोथट होतात आणि शून्य-एक ओळखू येत नाहीत. मी फीत वाजत ठेवून तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत आवाज सगळ्यात टोकदार लागेल तिथे थांबलो. मग संगणकात रेकॉर्ड केलं.

सुरुवातीचा पाच सेकंदांचा लांब सूर, मग हेडरचा छोटा ठोकळा. हेडरमध्ये प्रोग्रामचं नाव असतं, त्याला दहाच अक्षरांची जागा. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं नाव दाखवलं: रोमन लिपीत कोजागिरी आणि त्याला चिकटून ८७. आठ अक्षरं आणि दोन आकडे, बरोबर दहा. पंधरा वर्षांच्या मुलाला ते मोजून सुचलं असणार, आणि त्यानंतर त्याला झोप लागली नसणार.

पुढचा ठोकळा मात्र फुटका निघाला. प्रत्येक ठोकळ्याच्या शेवटी तपासणीचा एक बाइट असतो; तो जुळला नाही. मधे कुठेतरी फितीवरचा लेप उडाला होता. पण या मुलांनी शहाणपणा केला होता. तोच प्रोग्राम पाठोपाठ दुसऱ्यांदा भरून ठेवला होता आणि ती प्रत स्वच्छ उतरली. ती संपल्यावर क्षणभर खरखर, आणि मग एकदम मधूनच एक तान सुरू झाली. बाबांनी रेडिओवरून भरलेल्या नाट्यसंगीताचं उरलेलं टोक. कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही बारीक खुंट बाबांनी मोडून ठेवले होते, पुसलं जाऊ नये म्हणून. पुन्हा भरता यावं म्हणून मुलांनी त्या भोकांवर चिकटपट्टी लावली होती. मी ते फोनवर मोठ्यांना ऐकवलं. "बाबांनी नंतर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता," एवढंच म्हणाले.

यंत्र

यंत्राचं थोडक्यात सांगतो, कारण ते काम चोख पण नेहमीचं होतं. १९८५ साली मामांनी मस्कतहून आणलेला स्पेक्ट्रम. (हैदराबादच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं पुढे परवाना घेऊन इथे डीबी स्पेक्ट्रम विकला. त्याला रबरी कळा नव्हत्या, कडक कळा होत्या. ज्यांना रबरी कळा आठवतात त्यांच्या घरी सहसा बाहेरून कुणीतरी आणलेला असायचा.) माझ्याकडे यायच्या आधी मोठ्यांनी तो घरच्या वायफाय राउटरच्या अडॅप्टरवर लावून बघितला होता. नऊ व्होल्ट इकडेही आणि तिकडेही, पिनही नीट बसली. फक्त स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग ऋण असतो आणि राउटरच्या पिनेत धन. उलटी वीज आत गेली.

बोर्डावर टीआर ४ नावाचा एक ट्रान्झिस्टर आहे. खालच्या १६ के मेमरीला लागणारे १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करणाऱ्या सर्किटचा तो कणा. तोच गेला होता. या खालच्या मेमरीतच पडद्यावरचं चित्र राहतं, त्यामुळे ती बिघडली की चित्राच्या जागी उभे पट्टे आणि रंगीत गचाळा. टीआर ४ बदलला, व्होल्टेज परत आली, तरी पट्टे राहिलेच. ४११६ जातीच्या आठ चिपवर एकेक करून बोट ठेवत गेलो तर एक चटका देणारी निघाली. तशी चिप आता नवी बनत नाही. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे भडकमकर मार्गाला, दोन फेऱ्या मारल्या. शेवटी एका भंगार बोर्डावरून काढलेली मिळाली. जुने कपॅसिटर सगळे बदलले. कीबोर्डच्या आतली प्लास्टिकची पातळ पट्टी हात लावताच बिस्किटासारखी तुटली, ती नवी बाहेरून मागवली. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी चित्र देणारा जुना आरएफ डबा तसाच ठेवून आतली वायर अशी वळवली की साध्या व्हिडिओ पिनेवर चित्र मिळेल. उद्या कुणाला मूळ जोडणी हवी असेल तर सोल्डरचे दोन टाके पुरेत. भोक पाडायला, कवच कापायला मी कधी हात घालत नाही.

जाता जाता एक गंमत: या यंत्रातली वरची ३२ के मेमरी अनेकदा ६४ केच्या नापास चिप वापरून केलेली असे. चिपचा एक अर्धा भाग खराब निघाला तर चांगला अर्धा घ्यायचा. सिंक्लेअरचा काटकसरीपणा आपल्या मध्यमवर्गाला शोभेल असा.

एक, आठ, चाळीस

सुटे भाग यायची वाट बघत असताना मी तो हाऊझीचा प्रोग्राम संगणकावरच्या एमुलेटरमध्ये चालवला. छान लिहिलेला होता. ९० खुणांचा तक्ता, आलेला नंबर परत येऊ नये याची तपासणी, पडद्याच्या मध्यभागी ठोकळ्यांनी काढलेले मोठे आकडे, आणि प्रत्येक नंबरला "बीप". कळ दाबली की पुढचा नंबर. एक. आठ. चाळीस. बहात्तर. पंचवीस.

चहाला उठलो, परत आलो, पुन्हा रीसेट करून लोड केला. एक. आठ. चाळीस. बहात्तर. पंचवीस.

मी मॅन्युअल उघडलं. यादृच्छिक आकड्यांच्या धड्यात सगळं लिहिलेलं आहे. स्पेक्ट्रमला खरा योगायोग ठाऊक नाही. तो शेवटच्या आकड्यात एक मिळवतो, ७५ नं गुणतो, एक वजा करतो, ६५,५३७ नं भागून बाकी घेतो, आणि त्या बाकीला ६५,५३६ नं भागून शून्य ते एकमधला अपूर्णांक देतो. यंत्र चालू केलं की सुरुवात नेहमी शून्यापासून. मग पहिली बाकी ७४. तिचा अपूर्णांक काढून ९० नं गुणला की ०.१०, म्हणजे नंबर एक. दुसरी बाकी ५६२४. तिचे ७.७२, म्हणजे नंबर आठ. कागदावर मांडून बघा, पुढे चाळीसच येतात.

यावर उपाय एका शब्दाचा होता. प्रोग्रामच्या सुरुवातीला "रॅन्डमाइझ" ही आज्ञा लिहिली की यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला त्या घड्याळावरून, जे सेकंदाला पन्नास वेळा सरकतं, सुरुवात ठरते. मग दर वेळी वेगळी माळ. मोठ्यांनी ती ओळ लिहिली नव्हती. घरी खेळताना एका डावानंतर यंत्र बंद न करता दुसरा डाव लावला तर नंबर वेगळे यायचे, म्हणून त्यांच्या लक्षात आलं नसावं. कोजागिरीला मात्र यंत्र घरातून गच्चीवर न्यायचं, वायर लावून चालू करायचं, आणि लोड करून पहिलाच डाव.

मी फोन केला. मोठे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे दोन्ही वर्षी सेम?"

"किती वर्षं चालवलात?"

"दोनदा. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी." परत गप्प. "पहिल्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या होत्या. गेल्या वर्षीही पहिला एकच आला होता म्हणून. हे मशीन लबाड आहे म्हणाल्या. मी चारचौघांत त्यांना सांगितलं, काकू, कॉम्प्युटर चुकत नसतो."

शनिवारी दोघेही नौपाड्याला आले. यंत्र तयार होतं. मी कॅसेटची नवी प्रत करून रेकॉर्डरमध्ये घातली. मोठ्यांनी स्वतः "जे"ची कळ दाबली. या यंत्रात एका कळीला अख्खा शब्द उमटतो, जे म्हणजे लोड. त्यांच्या बोटांना ते आठवत होतं, मला नव्हतं. मग दोन अवतरणचिन्हं, एंटर. पट्टे धावले, किंचाळणं झालं, वीसेक सेकंदांत प्रोग्राम आत. धाकटे खिडकीशी उभे होते, रस्त्याकडे बघत. त्यांना पडदा दिसत नव्हता.

मोठ्यांनी कळ दाबायच्या आधीच धाकटे म्हणाले, "एक. आठ. चाळीस. बहात्तर. पंचवीस. अठरा. एकोणीस. तेरा. त्रेसष्ट. सात."

मोठ्यांनी दहा वेळा कळ दाबली. दहाही बरोबर.

"तू..."

"अरे दादा, तू रोज संध्याकाळी टेस्टिंग करायचास. मला जॉयस्टिक द्यायचा नाहीस, नुसतं शेजारी बसवायचास. मग मी काय करणार? वहीत नंबर लिहीत बसायचो."

१९८८ च्या कोजागिरीला धाकट्यांनी जल्दी फाइव्ह मारला होता, नवव्या नंबरला. तिकिटांची पुस्तकं आदल्या दिवशीपासून घरातच होती, त्यातून त्यांनी वेचून तिकीट काढलं होतं. आठ, चाळीस, पंचवीस, एकोणीस, त्रेसष्ट. "एक आणि बहात्तर असलेलं पण एक तिकीट होतं," ते म्हणाले. "पाचव्याच नंबरला ओरडलो असतो. पण मग शंका आली असती ना कुणाला तरी." बारा वर्षांचं पोर ते. मी मनात हात जोडले.

मोठे हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. मला ते नंतर उमगलं. गेली ३७ वर्षं त्यांच्या आठवणीत एक गच्ची होती. मसाला दुधाचं पातेलं, चांदणं, टीव्हीभोवती अख्खी सोसायटी, आणि मधोमध त्यांनी लिहिलेलं यंत्र निकाल देतंय. तो सगळा प्रसंग खराच होता, पण त्यांच्या शेजारी बसलेल्या भावाच्या आठवणीतली गच्ची निराळी होती, आणि दोघांनी आपापली गच्ची एकमेकांना कधी दाखवली नव्हती. जुन्या गेमच्या गप्पा मारणारे बहुतेक लोक यंत्राचं वर्णन करतात. शेजारी कोण बसलं होतं आणि त्याला काय मिळत नव्हतं, हे क्वचितच सांगतात.

मॅनिक मायनरही लोड केला. मोठे तिसऱ्या गुहेत मेले, धाकटे पहिल्याच.

पुढे

मोठ्यांनी मला "रॅन्डमाइझ"ची ओळ घालून द्यायला सांगितलं. मी दोन फाइली दिल्या, मूळ आणि दुरुस्त. मूळ फाइलला हात लावायचा नाही हे बजावून सांगितलं. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या: मोठ्यांच्या लॅपटॉपवर, धाकट्यांच्या पेनड्राइव्हवर, माझ्याकडे. मूळ कॅसेट सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात. स्पेक्ट्रम विकायचा विषय परत निघाला नाही. न्यायला आले ते धाकटेच, मोटरसायकलवर, पुढ्यात खोकं घेऊन.

सुटे भाग आणि कीबोर्डची पट्टी मिळून साडेचार हजारांच्या आत बसलं. मजुरी मी घेतली. मैत्री त्यानंतर झाली.

ऑक्टोबरमधल्या कोजागिरीला त्यांनी मला भाड्याच्या घरी बोलावलं. जुन्या सोसायटीतली सहा-सात कुटुंबं आली होती, ठाण्यात विखुरलेली. स्पेक्ट्रम लावला. कुठली फाइल चालवायची यावर दोघांचं पुन्हा जुंपलं आणि दुरुस्त प्रत ठरली. पहिला नंबर सत्तेचाळीस आला तेव्हा मोठ्यांनी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. आई आत गेल्या आणि पोळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन बाहेर आल्या. झाकणावर कोरलेलं होतं: कोजागिरी १९८८, जल्दी फाइव्ह. ३७ वर्षं रोज वापरून अक्षरं पुसट झाली होती, पण लागत होती.

पहिल्या मजल्यावरच्या काकू आता डोंबिवलीला मुलीकडे असतात, ८१ वर्षांच्या. त्यांना तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मोठ्यांनी फोन हातात घेऊन रीतसर कबुली दिली, काकू, तुमचं बरोबर होतं, मशीन लबाड होतं, आणि हा पण. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "डबा कुठाय?"

धाकट्यांनी पुढच्या रविवारी तो डोंबिवलीला नेऊन दिला. रिकामा डबा देऊ नये म्हणून आईंनी आत पुरणपोळ्या घातल्या होत्या.